कराटे की ज्युडो? आधी कशासाठी, ते ठरवू

“अक्का, पत्रास कारण की, मी ३६ वर्षांची, सोलापुरात एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. दुपारपाळी रात्री दहाला सुटते. तिथून स्कूटीवर विडी घरकुलपर्यंत एकटीच येते. मागच्या महिन्यात मोटरसायकलवरचे दोघे अशोक चौकापासून मागे लागले. काही झालं नाही, पण तेव्हापासून पाळी सुटायची वेळ झाली की पोटात गोळा येतो. स्वसंरक्षण शिकायचं ठरवलंय. नवरा म्हणतो कराटे लाव, भाऊ म्हणतो बॉक्सिंग, मैत्रिणीने क्राव्ह मागाचे व्हिडिओ पाठवलेत. एका क्लासवाल्यांनी दीड वर्षात ब्लॅक बेल्टची गॅरंटी दिली. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरलेलं नाही, उजवा गुडघा दुखतो. ११ वर्षांच्या मुलीलाही बरोबर न्यावं म्हणते, दहावीला खेळाचे मार्क मिळतात म्हणे. या सगळ्याला जमेल असं काय लावू?”

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि तुम्हाला काय काय हवंय ते कडेला टिपत गेले. रात्री सुखरूप घरी पोचायचं, वजन उतरवायचं, गुडघा जपायचा, मुलगी धीट करायची, वर दहावीचे गुण. इतकं सगळं एकाच क्लासवर टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. चौथ्या महिन्यात त्या घरी बसतात, कारण आपण कशासाठी जातोय हेच त्यांना सांगता येईनासं होतं. म्हणून तुमच्या वतीने क्रम मी लावते. आधी तुमची सुरक्षितता, मग गुडघा, मग वजन. मुलीचं वेगळं बघू.

सुरुवात त्या मोटरसायकलपासून. त्या रात्री तुम्ही थांबला नाहीत, गाडी दामटली आणि घर गाठलं. अगदी बरोबर केलंत. चालत्या गाडीवरच्या दोघांपुढे कराटेही चालत नाही, ज्युडोही नाही. फक्त एक बदल करा. पुन्हा कुणी मागे लागलं तर घराच्या गल्लीत वळू नका, घर त्यांना दिसेल. उजेड आणि माणसं असतील तिथे, पेट्रोल पंपावर, पोलीस चौकीसमोर, नाहीतर उलट फिरून रुग्णालयाच्या दारात गाडी लावा आणि ११२ फिरवा. गळ्यातल्या ऐवजाला हात घातला तर जाऊ द्या. मंगळसूत्र सोडून द्या हे म्हणायला सोपं नाही, मला कळतं. पण चालत्या स्कूटीवरच्या ओढाताणीत बाई डोक्यावर पडते, आणि तशी पडलेली माणसं तुम्ही वॉर्डात माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील.

आणखी एक, जे कुठलाच क्लास तुम्हाला सांगणार नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात खासगी रुग्णालयंही येतात. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दुपारपाळीच्या चार-पाच जणींनी मिळून लेखी मागा. एकटीने तोंडी मागितलेलं हवेत विरतं. गाडी मिळाली तर तुमच्या भीतीचा मोठा भाग क्लासची फी न भरताच कमी होईल.

मग शिकायचं तरी कशासाठी? कारण सगळाच धोका मोटरसायकलवरून येत नाही. पेशंट दगावला की नातेवाईक अंगावर येतात. लिफ्टमध्ये कुणी वाट अडवतो, जिन्यात कुणी मनगट धरतो, केस धरतो, ओढणी ओढतो, भिंतीवर ढकलतो. हातभर अंतरावर आलेल्या माणसाचं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. शैली निवडायची ती या प्रश्नाला धरून.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकोणीस वर्षांची असताना मी दोन वर्षं कराटे शिकले होते. काता, म्हणजे एकटीने करायच्या ठरलेल्या हालचाली, इतके सफाईदार की स्पर्धेत कप मिळाला होता. एका संध्याकाळी एसटी स्टँडवर गर्दीत एकाने माझं मनगट धरलं आणि फलाटाच्या मागच्या अंधाराकडे ओढायला लागला. मला एकही गोष्ट आठवली नाही. दोन वर्षांत माझं मनगट कुणी असं धरलंच नव्हतं. क्लासमध्ये समोरची मुलगी ठरल्या जागी, ठरल्या वेळी, हलक्या हाताने धरायची आणि मी सोडवलं की सोडायची. त्या दिवशी मला वाचवलं ते शेंगा विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने. तिने आरडाओरडा केला तसा तो पळाला. पुढे कित्येक महिने मला वाटत राहिलं की मीच भित्री. तसं नव्हतं. ज्या गोष्टीचा सराव केला नव्हता ती आली नाही, एवढंच. तुम्हीही त्या रात्रीवरून स्वतःला भित्री ठरवू नका.

आज रात्री जेवणं आटोपली की एक करून बघा. नवऱ्याला म्हणा, मनगट धर. धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा एकटाच दुसऱ्या बाजूला, म्हणजे पकड अंगठ्यापाशी कच्ची. तुमच्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवा, मागे न ओढता एक पाऊल त्याच्याकडे टाका, कोपर त्याच्या कोपराकडे न्या आणि हात वर काढून घ्या. सुटेल. व्हिडिओत हे इथपर्यंतच असतं. आता त्याला सांगा, सोडायचं नाही, खरोखर धर आणि ओढ. (ओट्यापासून लांब, मोकळ्या जागेत करा.) या खेपेला बहुतेक सुटणार नाही. तुम्ही मनगट वळवायच्या आधीच तो खेचेल, तोल जाईल, नाहीतर दुसरा हात मध्ये घालेल. युक्ती खोटी नाही. तिला तोल लागतो आणि नेमका क्षण लागतो, आणि ही दोन्ही समोरचा विरोध करत असताना शेकडो वेळा केल्याशिवाय अंगात मुरत नाहीत.

ज्युडो जन्मला तो इथूनच. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान ही शाळा काढली. ते स्वतः अंगाने किरकोळ होते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेत भयंकर युक्त्या होत्या, पण जोडीदाराला जायबंदी केल्याशिवाय त्या जोर लावून करता येत नव्हत्या. कानोंनी धोक्याचं ते मोकळ्या लढतीतून काढलं आणि उरलेलं पूर्ण ताकदीने, समोरचा मनापासून अडवत असताना खेळायला लावलं. याला रांदोरी म्हणतात. आपल्या तालमीत वेगळं काय चालतं? वस्ताद पोराला डाव सांगतो आणि लगेच हौदात जोड लावून देतो. धोबीपछाड हवेत कुणी शिकत नाही. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम ही नावं हल्ली गणपती-शिवजयंतीला जास्त कानावर येतात, पण बोरामणीच्या शेख घराण्याने इस्माईल, अप्पालाल आणि मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी दिले ते अशाच रोजच्या लढतीतून. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधवही तसेच घडले.

म्हणून कुठल्याही क्लासला माझा पहिला प्रश्न एकच असतो. इथे समोरचा खरोखर विरोध करतो का, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत करतो का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर शैलीचं नाव दुय्यम. ‘नाही’ असेल तर नाव कितीही दणदणीत असो, तुमच्या कामाचं नाही.

आता तुमच्यापुरतं. माझी पहिली पसंती ज्युडो, पण गाद्या घातलेला हॉल आणि तुमच्या वयाच्या दोन-तीन तरी बायका असतील तरच. ज्युडोत दोघं एकमेकांचे कपडे धरूनच सुरुवात करतात. ओढाताण, ढकलणं, तोल जाणं, माणूस अंगाला खेटलेला असणं, या सगळ्याची शरीराला सवय होते. खेटलेल्या माणसाची किळस आणि भीती ओसरते, आणि बाईच्या बाबतीत हे मला कुठल्याही डावाहून मोठं वाटतं. जमिनीवर कुणी अंगावर बसला तर त्याखालून निघणंही शिकवतात. उणं काय, तर ठोसा-लाथेचा सराव त्यात जवळपास नसतो. आणि तुमचा गुडघा. उभ्याने फेकताना पाय रोवून अंग वळवावं लागतं, तिथे दुखऱ्या गुडघ्याला पीळ बसतो. प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा आणि पहिले काही महिने जमिनीवरच्या लढतीवर भर द्या. त्याआधी रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवा. तुमच्यासाठी तो एक मजल्याचा प्रश्न आहे.

असा ज्युडो जवळ मिळाला नाही तर भावाचं ऐका, बॉक्सिंग लावा. तीन महिन्यांत अंगाला काहीतरी लागतं असं मी बॉक्सिंगबद्दलच खात्रीने म्हणेन. अंगावर येणाऱ्या हाताकडे डोळे मिटून न घेता बघणं, बाजूला सरकणं, अंतर ओळखणं, हे लवकर येतं. घाम भरपूर निघतो, लाथा नसल्याने गुडघ्याला पीळ कमी. दोरीच्या उड्या मात्र गुडघा बरा होईपर्यंत नकोत, त्याऐवजी जागच्या जागी पाय चालवा. डोक्यावर जोराचे ठोसे घेण्याची गरज नाही, तसं सरळ सांगा. आणि एक गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. ग्लोव्ह नसलेली मूठ कवटीवर बसली तर करंगळीमागचं हाड मोडतं, तो एक्स-रे तुम्ही पाहिलेला असणार. तुमचं पोट हातावर आहे. म्हणून ग्लोव्ह काढल्यावर तळहाताच्या टाचेने मारायची सवय वेगळी करून घ्या.

नवऱ्याचं कराटे वाईट नाही, पण कराटे हे एकच काहीतरी आहे असं समजू नका. शोतोकानच्या बऱ्याच वर्गांत काता आणि हलक्या स्पर्शाच्या गुणांवर भर असतो. क्योकुशिनमध्ये अंगावर खरे ठोसे-लाथा बसतात, पण स्पर्धेत हाताने तोंडावर मारायला बंदी असते. तायक्वांदोत गुण बहुतेक लाथांवर, त्याही उंच, एका पायावर गर्रकन वळून. तुमचा गुडघा बरा होईपर्यंत तो मनातूनच काढा. आयकिडो बघायला देखणा आहे, पण लढतीत उपयोगी पडायला फार वर्षं लागतात. तेवढा काळ तुम्हाला थांबायचं नाही.

क्राव्ह मागा इमी लिख्टेनफेल्ड यांनी घडवला आणि इस्रायलच्या लष्करात रुजवला. त्यातला विचार मला पटतो. मार, सूट, पळ. पण आपल्याकडे तो बहुधा दोन दिवसांची कार्यशाळा म्हणून पदरात पडतो. तिथे जा, जोरात ओरडायला शिकाल (ते आपल्या बायकांना खरंच शिकवावं लागतं), काय टाळावं ते कळेल. फक्त रविवारी संध्याकाळी आता मी तयार झाले असं वाटून घेऊ नका. न वापरलेला डाव दोन महिन्यांत अंगातून जातो.

वजनाबद्दल थोडंच लिहिते. आठवड्यातून तीन दिवस जाल अशा कुठल्याही क्लासने दम वाढेल आणि कंबर हलकी वाटेल. काट्यावरचा आकडा मात्र पाळीच्या वेड्यावाकड्या जेवणाने जास्त हलतो, आणि ते तुम्हाला मी काय सांगू.

दीड वर्षात ब्लॅक बेल्टची गॅरंटी देणाऱ्यांकडे जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. पट्टा ही शिकल्याची खूण, विकायची वस्तू नव्हे. जिथे पट्टा आधी ठरतो तिथे दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा आणि परीक्षेची फी ठरलेली असते, आणि नापास कुणीच होत नाही. क्लास बघायला जाल तेव्हा पूर्ण तासभर बसा, आणि अर्ध्या तासानंतर कुणी जोडीने खरी लढत केली का ते बघा. नवीन आलेल्या बाईशी जुने विद्यार्थी कसे वागतात, जोर बेताने लावतात की तिच्यावर हात साफ करून घेतात, तेही बघा. डाव दाखवताना सर हात लावण्याआधी विचारतात का? दुखलं म्हणून थांबणारीला टोमणे मारतात का? खाली फरशी असेल आणि त्यावर फेकाफेकी चाललेली दिसली तर चप्पल घालून परत या. आपल्याकडचा मे महिनाही धरून चाला. पारा ४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमधला पाचचा वर्ग भट्टी होतो. सकाळी सहाची बॅच आहे का ते आधीच विचारा. आणि पहिल्याच दिवशी वर्षाची फी भरू नका, महिन्याची भरा.

आता लेकीचं. तिला तुमच्या वर्गात घालायची घाई नको. स्वसंरक्षण ही गरज तुमची आहे. तिची गरज धावायची, पडायची, जिंकायची आणि हरायची. तिला तीन ठिकाणी घेऊन जा आणि तिचे पाय कुठे थबकतात ते बघा. तायक्वांदोच्या उड्या आवडल्या तर तायक्वांदो, मातीत-मॅटवर लोळायला आवडलं तर कुस्ती. मुलींनी कुस्ती कशी करायची, असं घरातलं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की साक्षी मलिकने २०१६ ला रिओत ऑलिंपिक कांस्य आणलं आणि २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. अकरा हे सुरुवातीला उत्तम वय.

गुणांबद्दल मात्र गैरसमज नको. दहावीचे सवलतीचे गुण पट्ट्यावर मिळत नाहीत. मान्यताप्राप्त स्पर्धेत कुठल्या पातळीवर खेळली, काय मिळवलं, यावर मिळतात. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही तसंच. एकाच खेळाच्या दोन-तीन संघटना असतात, प्रत्येक जण ‘राष्ट्रीय’ स्पर्धा भरवतो, आणि अर्ज भरायची वेळ आल्यावर आईबापांना कळतं की प्रमाणपत्र ग्राह्य नाही. मुलगी घरात रडत असते आणि भिंतीवर सात पदकं असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, हा खेळ यादीत आहे का आणि कुणाची स्पर्धा धरतात. ज्युडो आणि तायक्वांदो ऑलिंपिकमध्ये टिकून आहेत. कराटे टोकियोत आला आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हता. मुलगी पुढे खेळाडू व्हायचं म्हणाली तर हेही ध्यानात असू द्या.

तुम्हाला आणखी एक शंका येईल. मी कुणाला मारलं आणि त्याला लागलं तर? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. आपल्या शरीराचा बचाव करायचा हक्क तुम्हाला आहे, मर्यादा एवढीच की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो खाली पडला आणि तुम्हाला वाट मिळाली, की पळायचं. थांबून आणखी एक लाथ घालायची नाही.

ज्युडो लावलात तर पहिला महिना तुम्हाला फक्त पडायला शिकवतील. हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ गोल, आणि जमिनीला अंग टेकता टेकता तळहात नि हाताचा पुढचा भाग सपाट आपटायचा. कंटाळा येईल. वाटेल, मी मारायला शिकायला आले आणि हे मला गाद्यांवर लोळवतायत. एसटी स्टँडच्या त्या प्रसंगानंतर मी गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ५९ व्या वर्षी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीतून घरी आले आणि न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून दोन्ही पाय एकदम निघाले. छत दिसलं, हनुवटी आपोआप छातीला लागली, हात फरशीवर आपटला. कोपर आठवडाभर निळं होतं. डोकं फरशीला टेकलंही नाही.

येत्या साप्ताहिक सुट्टीला लेकीला घेऊन निदान दोन वर्ग बघून या. कुठे गेलात, तिथे लढत होती का, आणि पोरगी कुठे रमली, ते मला कळवा. गाडीचा अर्ज दिलात का, तेही लिहा.

तुमची,
अक्का